एल आल्तोच्या मशीनचा चाल्या

कार्निव्हलच्या शुक्रवारी आमच्या ला पाझमध्ये कुणाही शहाण्या माणसाने कामाची अपेक्षा ठेवू नये. त्या दिवशी ऑफिसांचा चाल्या असतो. टेबलाखुर्च्यांना रंगीत पट्ट्या बांधायच्या, कागदी टिकल्या उधळायच्या, चारही कोपऱ्यांत बीअर शिंपडून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, तिचा वाटा द्यायचा आणि उरलेली आपण प्यायची. आणि नेमकी त्याच दिवशी संध्याकाळी पाणीखात्याच्या टेंडरची मुदत संपत होती. ही तारीख ठरवणारा माणूसही इथलाच असणार, याचाच मला जास्त राग आला.

आमची कंपनी पाण्याच्या पाइपलाइनींचे आराखडे करते. मालक लांदिवारसाहेब खाली मैदानात, सांताक्रूझ शहराच्या उकाड्यात बसतात, एक इंजिनियर कोचाबाम्बात स्वतःच्या स्वयंपाकघरातून काम करतो आणि ला पाझचं ऑफिस मी सांभाळते. वर पठारावर, एल आल्तोत आमचं एक छोटं ऑफिस आहे. तिथली मंडळी एकेक करून घरून काम करायला लागली. आता रोज कुलूप उघडून बसतात त्या एकट्या दोन्या रुफिना, म्हणजे रुफिनाबाई. त्यांच्या पेन्शनला अजून तीन वर्षं आहेत.

"एल आल्तोचं ऑफिस कशाला हवं, ते मला एकदा दाखवून दे," साहेब महिनाभर माझ्यामागे लागले होते. "पाणीखात्याच्या समोरच आहे म्हणतेस ना? मग हे टेंडर तिथून वेळेत जाऊ दे. नाहीतर मार्चमध्ये टाळं."

कामाच्या सोयीसाठी आम्ही नुकतंच क्लाउड प्रिंटिंग घेतलं होतं. कोचाबाम्बातून इंजिनियरने कागद पाठवले की ते मध्येच कुठेतरी थांबून राहतात. आपण कंपनीच्या कुठल्याही ऑफिसात जाऊन मशीनवर आपलं कार्ड टेकवायचं, की तिथे ते बाहेर येतात. एवढं साधं, पण सगळ्यांच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसला. टेंडरवर सही करायचा अधिकार माझा, म्हणून कागद माझ्या नावावर आले होते. ला पाझला छापायचे, सह्या-शिक्के करायचे आणि वर नेऊन एल आल्तोच्या ऑफिसातून पाणीखात्यात द्यायचे, असा माझा सरळ बेत होता.

दुपारी मी कार्ड घेऊन उठले, तर मशीन ओलं चिंब. वरून फेस ओघळत होता. शेजारी आमचा हिशेबनीस लिंबेर गळ्यात पट्ट्या घालून, बाटली हातात धरून उभा.

"लिंबेर, अरे कोपऱ्यात शिंपडतात. मशीनच्या डोक्यावर कोण ओततं?"

"नवीन आहे ना, बाई. पहिलंच वर्ष. पहिल्या वर्षी पोटभर द्यावं लागतं, नाहीतर वर्षभर रुसतं."

"आता जन्मभर रुसलं."

त्याने बिचाऱ्याने आपल्या स्वेटरने मशीन पुसायला घेतलं. ओरडायचंही माझ्या जिवावर आलं होतं. शिक्का पिशवीत टाकला आणि केबल कारची रांग गाठली.

वर गेले तर एल आल्तोच्या ऑफिसात दोन्या रुफिना नवी शाल पांघरून बसल्या होत्या. सगळ्या खुर्च्यांना पट्ट्या बांधलेल्या, टेबलावर बीअरच्या बाटल्या, शेगडीत निखारे आणि भलंमोठं पातेलंभर पुचेरो, म्हणजे मांस-बटाट्यांचा कार्निव्हलचा रस्सा.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"आपापल्या घरी चाल्या करतायत. फोनवर फोटो पाठवले सगळ्यांनी. घरून काम करतात, तर आता देवही घरूनच." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस, जेव आधी. तोंड बघ कसं झालंय."

"दोन्या रुफिना, जेवण नंतर. मशीन चालू करा. टेंडर इथूनच छापायचंय."

"आज चाल्या केल्याशिवाय मी बटण दाबणार नाही."

"खालच्या मशीनची वाट त्या चाल्यानेच लावलीय."

"खाली पुरुषाच्या हातात बाटली दिली असेल," त्या म्हणाल्या. "मला शिकवू नकोस, पोरी. हे ऑफिस राहावं म्हणून मी आज मागणं मागणार आहे. तू नाही म्हणू नकोस."

मी नाही म्हटलं नाही. त्यांनी मशीनच्या चार पायांशी थेंब थेंब बीअर सोडली, वर टिकल्या वाहिल्या, निखाऱ्यांवर मिठाईचा नैवेद्य ठेवला आणि ओठांतल्या ओठांत आपल्या आयमारा भाषेत बराच वेळ बोलत राहिल्या. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं. मग त्यांनी बटण दाबलं, मी कार्ड टेकवलं आणि कागद सुरळीत बाहेर येऊ लागले.

मी सही करायची, त्यांनी शिक्का मारायचा, असा आमचा धडाका चालला. गठ्ठा काखेत मारून आम्ही दोघी रस्ता ओलांडून पाणीखात्यात पोचलो, तेव्हा खिडकी बंदच होत होती. आतल्या कारकुनाच्या केसांत टिकल्या होत्या.

"आजच आठवण झाली का तुम्हाला?" तो म्हणाला.

"तारीख तुम्हीच दिलीत, भाऊ," दोन्या रुफिनांनी सुनावलं. त्याने मुकाट्याने पोच दिली.

परत येऊन मी पुचेरोच्या ताटापुढे बसले आणि साहेबांना फोन लावला. दोन्या रुफिना पातेल्याशी होत्या, पण त्यांचे कान माझ्याकडेच होते.

"शाबास, विल्मा," साहेब खूश होते. "म्हणजे ला पाझचं मशीन गेलं तरी अडलं नाही. हेच हवं होतं मला. तू गेलीस, कार्ड टेकवलंस, काम झालं. मग एवढ्या जागेचं भाडं कशाला भरायचं? त्या भागात एखाद्या दुकानाचा कोपरा बघ. मशीन तेवढं तिथे हलवू."

"साहेब, इथे दोन्या रुफिना होत्या म्हणून..."

"हो हो, सोमवारी बोलू. एन्जॉय कर."

फोन ठेवला. एखादं गोड खोटं सुचलं असतं, तर सांगितलं असतं. पण खोटं रचायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

"काय म्हणाले?" दोन्या रुफिनांनी विचारलं.

"मशीन ठेवतायत. ऑफिस बंद."

त्यांनी पळी पुन्हा पातेल्यात घातली. मग त्यांनी मला आणखी एक बटाटा वाढला आणि समोर येऊन बसल्या.

"मागणं ऑफिसचं मागितलं, पण बीअर मशीनच्याच पायांशी सोडली गं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी वेगळी सोडायला हवी, हे कुठे ठाऊक होतं मला?"