सुभेदाराच्या जागी

साखरा गावच्या रखमाजीनं बायकोपासून जन्मात एकच गोष्ट लपवली, आणि तीही मेंढराची. जिचं सारं आयुष्य कळपात गेलं तिच्यापासून मेंढरू लपवायचं म्हणजे अकलेची कमालच. पण भ्यालेल्या माणसाला अक्कल कुठून सुचणार?

त्यांचा एकुलता एक शिवहार लष्करात लेफ्टनंट झाला, त्याच आठवड्यात कळपात एक कोकरू जन्मलं. कपाळावर पांढरा ठिपका. शिवहारनं त्याचं नाव ठेवलं सुभेदार. "बा, माझ्या हाताखालचा पहिला माणूस," म्हणून खदखदून हसला. लहानपणी हेच पोरगं मेंढरांमागं पुस्तक वाचत हिंडायचं, आणि एखादं कोकरू मागं राहिलं तर अंधारातसुद्धा ओढ्यापर्यंत परत जायचं. त्याची नेमणूक सीमेवर झाली तेव्हा अनुसयाबाईनं बिरोबाला नवस बोलला, लेकरू सुखरूप घरी येऊ दे, सुभेदार तुझा.

सुभेदाराचा चांगला दांडगा एडका झाला. सीमेवर लढाईची भाषा सुरू झाली, आणि नेमकं तेव्हाच त्याला लांडग्यानं नेलं. रखमाजीला ओढ्यात रक्तानं माखलेली लोकर आणि गळ्यातली घंटी तेवढी सापडली. देवाचं देणं लांडग्यानं खाल्लं, आता देव काय घेईल? त्यानं लोकर मातीआड केली. जवळच्या गोरेगावच्या बाजारातून कपाळावर तसाच ठिपका असलेला एडका भाव न करता आणला, त्याच्या गळ्यात सुभेदाराची घंटी बांधली आणि ताकास तूर लागू दिली नाही. अनुसयाबाईनं एडक्याकडं पाहिलं, त्याच्यापुढं पाणी ठेवलं आणि भाकरी थापायला गेली. रखमाजीला वाटलं, निभावलं.

दोन दिवसांनी शिवहारचा व्हिडिओ कॉल आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"सुभेदार काय म्हणतो, बा?"

रखमाजीनं फोन एडक्यासमोर धरला. शिवहारनं त्याला निरखून पाहिलं. मग म्हणाला, "चांगला पोसला की. मी येऊन राहिलो सुट्टीवर, भिऊ नका."

त्यानंतर त्याचा फोन लागेना. टीव्हीवर तोफा धडधडत होत्या. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी रखमाजीची गत झाली. रस्त्यानं एखादी जीप वळली की तो मेंढरांच्या आड बसायचा. जणू आपण दिसलोच नाही तर वाईट बातमी परत जाईल.

पण भर दुपारी गाडी आली ती थेट दारात. गणवेशातल्या अधिकाऱ्यानं टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं. गोळाबारीत शिवहारनं आपली माणसं सुरक्षित जागी आणली होती. एक जखमी जवान मागं राहिला, त्याला आणायला तो परत गेला. दोघंही आले नाहीत.

गाडी गेल्यावर रखमाजी बायकोच्या पायाशी कोसळला.

"माझ्यामुळं झालं. तो एडका सुभेदार न्हाई. त्याला लांडग्यानं नेलं. म्या देवाला फसवलं."

अनुसयाबाईचे डोळे कोरडे होते.

"मला पहिल्याच दिशी कळलं व्हतं," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुमी आधीच भेलेले. अन् शिवहारनं बी वळखलं व्हतं. त्याच दिशी तुमी रानात गेल्यावर मला पुन्हा फोन केला त्यानं. म्हणला, माय, ह्यो सुभेदार न्हाई. पर बाला कळू देऊ नको, बा लई भेला हाय."

आणि मग ती ओरडून रडू लागली.

रखमाजी तिथंच बसून राहिला. तोफांच्या तोंडी उभ्या लेकराला काळजी होती ती बापाच्या भीतीची. बऱ्याच वेळानं तो उठला, मेंढवाड्यात गेला आणि एडक्याच्या गळ्यातली घंटी सोडली. रस्त्यानं आणखी एक जीप वळली. तो लपला नाही. भिण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.