ठोकळा लावणारी

आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीला हँडब्रेक होता, नाही असं नाही. दांडा ओढला की करकर वाजायचा आणि तेवढ्यावर त्याची नोकरी संपायची. गाडी धरून ठेवायचं काम माझं. चढावर थांबलो की हे पायाने ब्रेक दाबून ऐटीत बसायचे आणि म्हणायचे, "उतर, ठोकळा लाव." मग मी लाकडाचा ठोकळा घेऊन मागे जायचे, वाकायचे आणि तो मागच्या चाकाखाली सरकवायचे. लग्नानंतर नवऱ्याने हौसेने शिकवलेलं हे एकमेव काम.

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली, तेव्हा ह्यांचा चेहरा असा उतरला, जणू गाडीचाच एखादा पार्ट निकामी झाला. मी सांगून टाकलं, "हँडब्रेक धरेपर्यंत मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही." आमचं घरच चढावर, त्यामुळे पळवाट नव्हती. आणि एकट्याने फिरायला ह्यांना आवडत नाही. बडबड ऐकायला कुणीतरी शेजारी लागतं.

गॅरेजमध्ये द्यावी, तर म्हणे मेकॅनिक गाडी बिघडवतात. स्वतः बिघडवण्यातला आनंद दुसऱ्याला कशाला द्यायचा? गाडी स्टँडवर चढली, मागची चाकं निघाली, ब्रेकचे ड्रम हातोडीचा प्रसाद खाऊन बाहेर आले. आत ब्रेक धरणारे लायनर तेलाने माखलेले, आणि हँडब्रेकची केबल गंजून नळीत रुतून बसलेली.

"बघितलंस? केबल हलतच नव्हती," हे मला समजावून सांगायला लागले. इतकी वर्षं मी ठोकळा बहुधा व्यायाम म्हणून लावत होते.

आधी एक बाजू खोलून जोडावी, मग दुसरी. विसरलं तर पलीकडे बघता येतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. ह्यांनी दोन्ही बाजू एकदम खोलल्या. म्हणे वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ स्प्रिंगा हातात घेऊन फरशीवर बसण्यात गेला. कुठली स्प्रिंग वर, कुठली खाली, कुठल्या भोकात, काही आठवेना. विचारायचं तर नाक खाली होतं.

शेवटी मीच मोबाइल पुढे केला. बाबांचे पराक्रम दाखवून लेकीला हसवावं, म्हणून ड्रम निघाल्या निघाल्या मी एक फोटो काढला होता. चष्मा कपाळावर चढवून हे तो बघत राहिले. आभार मानायची पद्धत आमच्याकडे नाही. "जरा हललाय," एवढं म्हणाले.

नवे लायनर बसले, नवी केबल आली. ब्रेकमधली हवा काढायला शेजाऱ्यांना गाडीत बसवून पेडल दाबायला लावलं. मी शब्द मोडला नाही.

मग एका सकाळी गाडी आमच्याच चढाच्या मध्यावर थांबली. ब्रेक धरतो असं ह्यांनी शपथेवर सांगितलं, म्हणून मी शेजारी बसले होते. ह्यांनी दांडा ओढला. या वेळी करकर नव्हती.

"धरला," हे म्हणाले.

"मग ब्रेकवरचा पाय काढा."

पाय निघेना.

"तू आधी उतर," हे म्हणाले. "न जाणो, नाही धरला तर."

"उतरून कुठे उभी राहू? मागे?"

हे आरशात बघायला लागले. मागे नुसता उतार होता. मला एकदम राग आला, इतक्या वर्षांचा साठलेला.

"मी तिथे वाकलेली असायचे, तेव्हा तुमचा पाय घसरला असता तर?"

"तेव्हा डोक्यातच आलं नाही गं."

"माझ्या यायचं," मी म्हटलं. "दर वेळी."

ह्यांनी हळूहळू पाय उचलला. गाडी तसूभरही हलली नाही. हे मात्र तो दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि घरी जाऊया म्हटलं तरी सोडेनात.