दोऱ्या नसलेल्या बाहुल्या

विभा चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायची आणि उरलेला सगळा जीव बाहुल्यांत ओतायची. तिने आणि तिच्या खेळातल्या साथीदाराने, शिरीषने, आठ महिने खपून एक नाटक उभं केलं होतं. बायको गेल्यावर हळूहळू सगळं विसरत जाणाऱ्या म्हाताऱ्याचं. म्हातारा म्हणजे हातभर उंचीचा बाहुला. त्याचं डोकं आणि उजवा हात विभा हाताने हलवायची, बाकीचा शिरीष.

तोआ पायोह भागातल्या प्रयोगाला प्रबोध आला. हा इंग्रजी पेपरात नाटकांवर लिहायचा आणि इथे परदेशातल्या मराठी मंडळींत त्याचा मोठा दबदबा. सोमवारी त्याने छापलं, ‘नाजूक दोऱ्यांवर थिरकणाऱ्या बाहुल्यांची बच्चेकंपनीला मेजवानी. मोठ्यांनाही आवडेल!’

म्हाताऱ्याला एकही दोरी नव्हती. सोळा वर्षांखालच्यांना तर प्रवेशच नव्हता.

“चार स्टार दिलेत गं,” शिरीष म्हणाला. “पोस्टरवर टाकू.”

“झोपेत दिलेले स्टार नकोत मला.”

शनिवारी मराठी मंडळींनी लायब्ररीत समीक्षेवर चर्चा ठेवली होती. वक्ता अर्थातच प्रबोध. विभा म्हाताऱ्याला बॅगेत घालून, शिरीषला ओढत वुडलँड्सच्या घरून तिथे पोचली. प्रश्न विचारायची वेळ आली तशी उठली.

“सर, दोऱ्या कुठे दिसल्या तुम्हाला?”

तो हसला. “अहो, बाहुल्या म्हटलं की दोऱ्या आल्याच.”

“आणि म्हातारा मेला तेव्हा बच्चेकंपनी कुठे बसली होती?”

“इतकं मनावर नका घेऊ. मी कौतुकच केलंय. आता बाहुल्यांना काय नटांचे निकष लावायचे?”

विभाने बॅग उघडली. शिरीष लाजेने अर्धा झाला होता, पण आला पुढे. टेबलावर म्हातारा शर्टाचं बटण लावू लागला. लागेना. पुन्हा प्रयत्न केला. मग बटण म्हणजे काय हेच विसरल्यासारखा तो बोटांकडे बघत राहिला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

पहिली टाळी प्रबोधने वाजवली.

“किती गोड!” तो म्हणाला.

विभाला वाटलं होतं, आपल्याला संताप येईल. आली ती नुसती कीव, तीही जेमतेम. हा माणूस वीस वर्षं पहिल्या रांगेत फुकट बसत होता! तिने म्हाताऱ्याची मान सांभाळून त्याला बॅगेत ठेवलं.

“पोस्टरवर काही नको,” बाहेर आल्यावर शिरीषच म्हणाला.

पुढच्या प्रयोगाला निम्मा हॉल रिकामा होता. विभाला ते लागलं. तरी प्रबोधला तिने पुन्हा कधी आमंत्रण धाडलं नाही.