पाचवी उडी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गवार मोडत होतो. १९९६चा जुलै होता. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात दहा वाजताच ऊन इतकं चढलं होतं की सुभाषनं, माझ्या नवऱ्यानं, लॉन कापायचं पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि पेपर घेऊन आत येऊन बसला.

फोन वाजला. मी खांद्यानं रिसीव्हर कानाशी दाबून धरला आणि हातातली शेंग मोडत राहिले.

"जय भीम, मावशी. मी बुद्धभूषण. रॅलेहून."

बुद्धभूषण इचलकरंजीचा. इथं विद्यापीठात सिव्हिलचं एम. एस. करत होता. ऑक्टोबरात धम्मदीक्षेला चाळीस वर्षं होणार म्हणून आमची इथली मंडळी एक स्मरणिका काढणार होती, आणि तिचं सगळं काम या पोरानं अंगावर घेतलं होतं. एक भाग त्यानं आपल्यातल्या पहिल्या बायकांसाठी ठेवला होता. पहिली मॅट्रिक झालेली, पहिली नर्स, पहिली मैदानात उतरलेली.

"मावशी, माझी आजी म्हणते, टॉकीच्या सुरुवातीच्या काळात आपल्या भागातल्या एका मुलीनं सिनेमासाठी तटावरून नदीत उडी मारली होती. हिरॉइनच्या ऐवजी. अंजना नाव. आणि ती आता अमेरिकेत लेकीकडं असते. तुमच्या आईंचं नाव अंजना ना?"

आई समोरच होती. तिनं मान वर केली नाही.

"नाव तेच आहे," मी म्हणाले. "पण माझी आई सिनेमात वगैरे कधी नव्हती. तुझ्या आजीचा काहीतरी घोळ होतोय."

"ओह. सॉरी हं मावशी. आजीचंही वय झालंय. ठीक आहे, मी त्या पानावर दुसरं काहीतरी टाकतो."

मी फोन ठेवला.

"कोन हुतं?" आईनं विचारलं.

"राँग नंबर."

"राँग नंबर मराठी चांगलं बोलतोय की."

मी पुढची शेंग उचलली. ती मोडलेल्या शेंगा हातानं पसरून म्हणाली, "निम्मी जून हाय गं ही गवार. त्या दुकानदाराला सांग एकदा. परदेश झाला म्हनून काय जनावराची वैरन खायाची?"

संध्याकाळी टीव्हीवर अटलांटाची ऑलिंपिक्स लागली. आई रिक्लायनरच्या अगदी टोकाला बसायची, पाठ न टेकता. मुलींची पोहण्याची शर्यत सुरू होती. माझी मुलगी उपासना कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती. ती आजीच्या पायाशी बसली होती.

"ही चार नंबरची पान्याला भिते," आई म्हणाली.

"आजी, शी इज द फेव्हरिट!"

"असंल. उडी घेताना डोळं मिटती. मिटायचं न्हाईत. पानी येतंया ते बघायचं."

चार नंबरची मुलगी तिसरी आली. उपासनानं आजीकडे वळून पाहिलं. "हाऊ डिड यू नो दॅट?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. मी रिमोट शोधत असल्यासारखं केलं.

"इतकं वरीस जगलीया," आई म्हणाली. "बघूनबघून कळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिच्या चहाचा आवाज आला नाही. मी खोलीत गेले तेव्हा ती कुशीवर होती आणि हात गार होता. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी त्यांचे आभार मानले. पुढचे दोन दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. फॉर्म खूप भरले एवढं आठवतं.

पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन ठरलं. आमच्यात त्या दिवशी वंदना होते, मग गेलेल्या माणसाचा जीवनपरिचय वाचतात, मग ज्याला बोलायचं तो बोलतो. जीवनपरिचय घरच्यांनी लिहायचा असतो. मी औषधाच्या कंपनीत आकडेवारी पाहते, अहवाल लिहायची सवय आहे. अर्ध्या तासात एक पान झालं. जन्म १९१८, पंचगंगेच्या काठचं खेडं. लग्न, सांगलीचा संसार, पती राजाराम पोस्टात कारकून. स्वतः निरक्षर असून मुलीला एम. एस्सी.पर्यंत शिकवलं. शांत, कष्टाळू, मनमिळाऊ.

सुभाषनं ते वाचलं. त्यानं चष्मा काढला.

"ते सिनेमाचं घालायचं नाही ना?"

"नको."

"बरोबर आहे. दादांना आवडत नव्हतं म्हणाली होतीस."

दादा म्हणजे माझे वडील. लग्न ठरलं तेव्हा मी सुभाषला हेच सांगितलं होतं: आईनं लहानपणी सिनेमात एकदा काहीतरी केलं होतं, दादांना ते पसंत नाही, घरात विषय काढू नकोस. सत्तावीस वर्षं त्यानं तो काढला नाही. तो शब्दाचा पक्का माणूस आहे.

खरं असं की घरात त्या उडीचं सगळ्यांत जास्त कौतुक दादांनाच होतं.

मी लहान असताना आई मला न्हाऊ घालताना ती गोष्ट सांगायची. सिनेमाची कंपनी गावाबाहेर उतरली होती. नायिकेनं किल्ल्याच्या तटावरून नदीत उडी घ्यायची होती, आणि तिला पोहता येत नव्हतं. म्हणून एका पैलवानाला लुगडं नेसवून वर उभं केलं. त्यानं खाली पाहिलं आणि तिथंच बसकण मारली. "मिशा काढल्या त्या काढल्या," आई सांगायची, "वर रडायला लागला." मग कुणीतरी म्हणालं, महारवाड्यातली अंजना पुरातून म्हशी काढून आणते, तिला बोलवा. आई तेव्हा सतरा वर्षांची. तिनं पाच वेळा उडी मारली. कधी पदर तोंडावर आला, कधी सूर्यावर ढग आला. पाचवी बरोबर बसली, आणि तिच्यात पाण्यात शिरायच्या आधी क्षणभर तिचा चेहरा वळला. पडद्यावर तिचा चेहरा दिसतो तो तेवढाच.

कंपनीनं तसलंच दुसरं लुगडं आणलं होतं. महाराच्या पोरीनं नेसलेलं नायिका पुन्हा अंगाला लावणार नव्हती. आईला या गोष्टीचं हसू यायचं. "येकसारखी दोन! पडद्यावर कुनाला कळलं का, कंचं बाटलेलं आन् कंचं सोवळं?"

त्याच वर्षी संस्थानच्या राजांच्या वाढदिवसाला मुलींची पोहण्याची शर्यत झाली होती. आईला घाटावरून उतरू दिलं नाही. ती खालच्या अंगाला, आमच्या लोकांच्या पाणवठ्यावरून पाण्यात शिरली आणि पलीकडच्या काठाला सगळ्यांच्या आधी लागली. निकालात तिचं नाव लागलं नाही. हेही ती सांगायची, पण हे सांगताना डोक्यावर पाणी जरा जोरात ओतायची.

१९५८ साली तो सिनेमा पुन्हा फिरायला निघाला. सांगलीजवळच्या एका बाजारच्या गावी तंबू लागला तेव्हा दादा आम्हाला मुद्दाम घेऊन गेले. मी चौदा वर्षांची होते. तंबूत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे दोरी. उडी आली. आई तटावरून सुटली, आणि पुरुषांच्या बाजूला माझे वडील, पोस्टातले राजारामबापू, कधी मोठ्यानं न बोलणारे, उभे राहून ओरडले, "ती बघा! आमची अंजना!"

सगळा तंबू आमच्याकडे वळला. पडद्यावर ती पाठमोरी पाण्यातून वर आली. लुगडं अंगाला चिकटलेलं होतं. मागून शिट्ट्या आल्या. मग कुणीतरी जात काढली आणि पुढं तमाशातल्या बाईला म्हणतात तो शब्द जोडला. माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथं होत्या.

आम्ही बौद्ध होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सभांमधून मी रोज ऐकत होते: तमाशा सोडा, जत्रा सोडा, मेलेलं ढोर ओढणं सोडा, पोरींना शाळेत घाला. मला ते सगळं पाठ होतं. चौदाव्या वर्षी माणूस पाठ केलेलं कुठंही लावतो. मी ते आईला लावलं. दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तू हे पुन्हा कुणाला सांगितलंस तर मी शाळा सोडीन."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"बरं," ती म्हणाली.

माझी शाळा हा तिच्या हातातला एकच पत्ता होता आणि मी तोच उचलला. त्यानंतर अडतीस वर्षं तिनं ती गोष्ट काढली नाही. दादांनी काढली की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वो." ते बिचारे समजत राहिले की तिलाच नको आहे.

पुण्यानुमोदनाला कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं आली. कुणी शार्लटहून ड्राइव्ह करून आलं होतं. टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि आईचा फोटो. तो आम्ही तिच्या ग्रीन कार्डासाठी काढला होता, दुसरा नीट नव्हता. जीवनपरिचय वाचायला सुभाषनं बुद्धभूषणला सांगितलं होतं, कारण इथं वाढलेल्या मुलांना देवनागरी धड वाचता येत नाही.

कार्यक्रमाआधी तो कागद घ्यायला माझ्याकडे आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"मावशी, त्या दिवशी मी उगाच फोन केला. आय फील सो बॅड. दुसऱ्याच दिवशी असं झालं."

"असू दे रे."

"मी आजीला पण सांगितलं, ती अंजना वेगळी असेल म्हणून."

"मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आजी आधी भांडली माझ्याशी. म्हणाली, मी काठावर उभी होते, तिचं कोरडं लुगडं हातात घेऊन, मला शिकवतोस? मग मी म्हटलं, अगं, तिची मुलगी स्वतः म्हणते." तो जरा हसला. "मग गप्पच झाली. म्हणाली, लेक म्हनती तर मलाच भास झाला असंल रं. म्हातारपनी असंच हुतंया. आता नाव काढत नाही. वाईट वाटलं मला, इतकी खात्रीनं सांगायची."

कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

वंदना झाली. सगळ्यांबरोबर मी त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं जे चौथं शील आहे तिथं माझा आवाज मला ऐकू आला नाही, इतरांचा आला. बुद्धभूषणनं माझं पान वाचलं. चांगलं वाचलं त्यानं, प्रत्येक शब्दाला मान देऊन. शांत, कष्टाळू, मनमिळाऊ. बायकांनी माना हलवल्या. रेखाताई म्हणून आमच्या जुन्या शेजारीण आहेत, त्या उठून आईच्या हातच्या ठेच्याबद्दल बोलल्या. आणखी दोघं बोलले. सगळं खरं होतं.

मग उपासना उठली. मला माहीत नव्हतं ती बोलणार आहे.

"माझी आजी... आजी खूप क्वाएट होती," ती म्हणाली. "तिला टीव्हीवर स्विमिंग बघायला आवडायचं. तिच्या लास्ट नाइटला पण आम्ही तेच बघत होतो. ती सांगायची, कोण घाबरते, कोण नाही. अँड शी वॉज ऑल्वेज राइट. मी विचारलं, तुला कसं माहीत. तिनं सांगितलं नाही. आय शुड हॅव आस्क्ड अगेन." ती तिथंच थांबली आणि खाली बसली.

सुभाषनं घड्याळ पाहिलं. आता त्यानं सगळ्यांचे आभार मानायचे आणि जेवणाचं सांगायचं, असं ठरलं होतं. तो उठायला लागला. इचलकरंजीत एक म्हातारी बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानून बसली होती. दादा गेलेले. सिनेमाची कंपनी कधीच बुडाली. हॉलमधली माणसं घरी गेली की हे पान हीच माझी आई होणार होती, आणि ते मी लिहिलं होतं.

मी सुभाषच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं आणि उभी राहिले.

"बुद्धभूषण," मी म्हणाले, "तू बरोबर माणसाला फोन केला होतास."

त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या आजीला आज फोन कर. तिथं सकाळ झाली की लगेच कर. तिला सांग, भास झालेला नाही. ती अंजना म्हणजे माझी आई. सतरा वर्षांची असताना तिनं पंचगंगेत तटावरून उडी मारली. एकदा नाही, पाचदा. शर्यतीत ती पहिली आली आणि तिचं नाव लावलं नाही. हे मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही."

उपासना माझ्याकडे बघत होती. तिला सगळं मराठी कळत होतं की नाही, कोण जाणे. मी जरा सावकाश बोलले.

"सुभाष, तुला मी सांगितलं होतं की दादांना आवडत नव्हतं. ते खोटं आहे. दादांनी भर तंबूत उभं राहून तिचं नाव घेतलं होतं. तिला गप्प केलं ते मी. मी चौदा वर्षांची होते. मला माझ्या आईची लाज वाटली, आणि गेल्या रविवारी फोनवरसुद्धा, ती समोर बसलेली असताना, मला तिची लाज वाटली."