माझ्यावर लिहिलेलं कलम

मी टपाल कचेरीतली एक काळी पाटी बोलतेय. एकदम आवाज आला म्हणून दचकू नका, दचकायचं काम माझं. पलीकडे शिक्का आपटला तरी माझा खिळा हलायचा.

कचेरी केंद्र सरकारची, तिथे हिंदी दिसायला हवी, म्हणून मला तिसऱ्या खिडकीशेजारी टांगलं. डोक्यावर पक्क्या रंगात लिहिलं, 'आज का शब्द'. खाली अनुवादक ताई रोज खडूने एक हिंदी शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ लिहायची. ती रजेवर गेली की शब्दही हलायचा नाही. 'शीघ्र' हा शब्द माझ्या अंगावर सात आठवडे होता.

मला वाटायचं, हिंदीचा केवढा हा मान! हळूहळू कळलं. साहेबांची पत्रं इंग्रजीत, फायली इंग्रजीत. हिंदी फक्त माझ्यावर, तीही तपासणीला पाहुणे येतात म्हणून. बिचारीला पाटावर बसवायचं आणि ताट वाढायचं नाही, अशी गत.

आणि तिचीच काठी करून माणसांना हाकलताना पाहिलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

शिवणकाम करणारी एक मावशी आली होती. लेकीच्या मूळ गुणपत्रिका रजिस्टर टपालाने पाठवलेल्या, त्या गहाळ. शनिवारी लेकीची प्रवेशाची मुलाखत. तक्रार घ्यायची मुदत ती आली त्याच दिवशी पाचपर्यंत. अर्ज तिने मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहून आणलेला.

"मावशी, हिंदीत आणा. राष्ट्रभाषा आहे ती. घटनेत लिहिलंय," खिडकीतला कारकून म्हणाला. मराठीतच म्हणाला.

"मला हिंदी येते ती सिनेमापुरती, दादा. भांडण्याइतकी नाही."

"मग कुणाकडून तरी लिहून घ्या."

"चार वाजून गेले. आता कुणाला धरू?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "ही पाटी काय शोभेला लावलीय?"

शोभेलाच तर लावली होती. पण माझं नाव पुढे करून एका आईला परत पाठवायचं? मी जन्मात कुणाला अडवलं नव्हतं.

अनुवादक ताई उठली. सात आठवड्यांच्या रजेवरून ती त्याच दिवशी परतली होती. तिने 'शीघ्र' पुसलं, कपाटातली राज्यघटना उघडली आणि ओल्या खडूने लिहिलं: 'कलम ३५०. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं.' त्याखाली: 'हिंदी केंद्राची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा घटनेने कुठलीच नेमलेली नाही.'

रांगेतल्या एका आजोबांनी ते मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने.

"ताई, मला अडचणीत आणताय," कारकून पुटपुटला.

"अर्ज घ्या ना. पावणेपाच झाले," ताई म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली.

त्याने अर्ज घेतला. मावशीने पोच पदराला गाठ मारून ठेवली. शुक्रवारी गुणपत्रिकांचं पाकीट शेजारच्या शाखेच्या पोत्यात सापडलं.

साहेबांनी ताईला आत बोलावलं. "तुम्हाला शब्द लिहायला ठेवलंय, कायदा लिहायला नाही." मला त्यांनी स्वतः पुसलं. ओला खडू, जाईना. तेव्हा मला कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आता माझ्या जागी चकचकीत इलेक्ट्रॉनिक पडदा लागलाय, आणि त्यावरही रोज एक शब्द येतो.

माझ्यावरचं कलम अजून पुसट दिसेल. कपाट सरकवलंत तर वाचा. हिंदीवर रागावू नका, तिने कुणाला अडवलेलं नाही. मात्र तिच्या आडून कुणी तुमचा कागद परत सरकवला, तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.