इकराच्या फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुनी रिक्षा आहे. रत्नागिरीत गफूरमामूंच्या हाती आले तेव्हा मी कोरी करकरीत होते. मामू मला रोज पुसत, कौतुकाने मिरवत. आता माझं हूड फाटलंय, चढावर धाप लागते. पण रडगाणं माझं नाही. सांगायचंय ते मामूंच्या भाचीबद्दल, इकराबद्दल.

इकरा दहावीत गेली आणि सकाळची फेरी मला नकोशी होऊ लागली. शाळेचं वळण आलं की ती माझा दांडा घट्ट धरी. तळवे घामाने ओले, श्वास भराभर. “मामू, पोटात दुखतंय.”

घरी सगळे म्हणत, अभ्यास नको म्हणून नाटकं. मामूही हसून म्हणत, “उतर गो, काय नाय होत.”

एक दिवस शाळा सुटली, पण इकरा बाहेर आलीच नाही. शिपाई म्हणाला, “ती आज वर्गातच नव्हती.”

मामूंनी घाईघाईने स्टार्टर ओढला, पण मी लवकर सुरू होईना. बाजारपेठ, एसटी स्टँड, कुठेच ती नव्हती. अखेर मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर, पाण्याच्या अगदी कडेला गणवेशातली इकरा दिसली. मामू धावले. ओरडले मात्र नाहीत. तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले.

“वर्गात श्वास कोंडतो, मामू. वाटतं, आत्ताच मरणार.”

“आधी का नाय बोललीस?”

“रोज तर सांगत होते.”

मामूंनी घरी जाऊन सगळं तिच्या आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इकराची आई बिल्किस तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. वाटेतच दोह्याहून, तिकडे नोकरीला असलेल्या इकराच्या अब्बांचा फोन आला. “डोक्याच्या डॉक्टरकडे? कुणी बघितलं तर? उद्या पोरीला स्थळ कोण आणेल?”

“स्थळाचं मागाहून बघू,” बिल्किस म्हणाली. “आधी पोर बघू.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे नाटक नाही, आजार आहे, आणि तो बरा होतो. पण वेळ लागला. कधी कधी इकरा गेटवरून परत फिरे. मामू मुकाट्याने मला वळवत. हळूहळू ती आत जाऊ लागली.

ईदला अब्बा सुट्टीवर आले. एका दुपारी माझ्यात ते आणि मामू दोघेच होते. अब्बा मामूंकडे पुढे वाकले. मग हलकेच म्हणाले, “गफूर, ती डॉक्टरीण मोठ्या माणसांनाही बघते काय रे?”

“कुणाला दाखवायचंय?”

“मला. तिकडे खोलीत माझाही श्वास असाच कोंडतो. आजवर कुणाला बोललो नाय.”

मामूंनी मला थेट दवाखान्याच्या रस्त्याला लावलं.

मित्रांनो, तुमचाही जीव असा घाबरत असेल तर घरात सांगा. एकाने हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्याला सांगा. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा.