एकेचाळीस नंबरचं समुद्रफूल

"सर, हे केळफूल आहे."

प्राणिशास्त्राच्या वर्गात, माझ्या प्रोजेक्टरच्या पंख्याच्या घरघरीवरून, अंधारात कुणीतरी मुलगी बोलली. सगळा वर्ग खदखदून हसला. पडद्यावर निळ्याशार पाण्यात पांढऱ्या बोटांचा झुबका फुलला होता, आणि देवरे सर नुकतेच पडद्याला छडी टेकवून सांगत होते की दिसायला फूल असलं तरी हा प्राणी आहे, उत्तरेकडच्या थंडगार समुद्रातला. याला समुद्रफूल म्हणतात.

"कोण आहे ती? उभी राहा."

मोगरा पावरा उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची पोर. वडील वेस्ता शिरपूरकडे केळीच्या बागांत मजुरीला जायचे. पाड्यावरून धुळ्याला सायन्स शिकायला आलेली ती पहिलीच. बेडूक चिरताना तिचा हात इतका स्वच्छ चालायचा की मी बाकीच्यांना मुद्दाम तिचा ट्रे नेऊन दाखवायचो.

"तुमच्याकडचे लोक नॉर्वेच्या समुद्रात केळी लावतात का गं?" सर म्हणाले. पुन्हा हशा.

"ते माहीत नाही सर. पण सुट्टीत मी रोज ही फुलं सोलते. खाली उजवीकडे बघा, चिकाचा थेंब लोंबतोय."

सरांनी तिकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे वळले. "जीवराम, स्लाइड तू लावलीस. सांग हिला, कुठून आली ही?"

एकोणीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. भर वर्गात मला कुणी काही विचारायची ती पहिलीच वेळ. आणि मी म्हणालो, "नॉर्वेहून, सर."

ते केळफूलच होतं. माझ्याच स्वयंपाकघरातलं.

त्याचं असं झालं. आमच्याच कॉलेजातून शिकलेला भटू सोनवणे पुढे समुद्राच्या अभ्यासासाठी नॉर्वेला गेला. तिथे रबराचा अंगभर सूट चढवून तो बर्फासारख्या पाण्यात उतरायचा आणि तळाशी राहणाऱ्या, पाठीला कणा नसलेल्या जीवांचे फोटो काढायचा. तारामासे, समुद्री गोगलगायी, काचेसारखे आरपार दिसणारे कसले कसले जीव. अठ्ठ्याऐंशी साली त्याने साठ स्लाइडींची पेटी कॉलेजला पाठवली. सोबत पत्र होतं : पेटी जीवरामभाऊंच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या नको. एकेचाळीस नंबरबद्दल त्याने वेगळं लिहिलं होतं. हे फूल तीन दिवस मिटूनच बसलं होतं. चौथ्या दिवशी उघडलं, तेव्हा थंडीने बोटं इतकी बधिरली होती की कॅमेऱ्याचं बटण अंगठ्याने रेटावं लागलं.

सरांचं व्याख्यान तीन आठवड्यांवर होतं. सराव म्हणून मी दुपारी पडदे ओढून एकटाच स्लाइडी बघायला बसलो. एकेचाळीसवर आलो आणि थांबलो. खोटं कशाला सांगू, मी हरखलो. धुळ्याच्या उन्हाळ्यात बसून मी समुद्राच्या तळाशी होतो. प्रोजेक्टरचा पंखा कधी बंद पडला ते मला कळलंच नाही. जळका वास आला तेव्हा फुलाच्या मधोमध तपकिरी फोड उठला होता.

तेव्हाच सरांकडे जायला हवं होतं. चार बोलणी बसली असती, एवढंच. पण भटूने एवढ्या विश्वासाने पेटी हाती दिलेली, आणि मी माती केली! मला तोंड दाखवायची लाज वाटली. त्या लाजेतून मला नको ती अक्कल सुचली. घरी माझी बायको पुष्पाबाई भाजीला केळफूल सोलत बसली होती. आतल्या पांढऱ्या फुलांची फणी दिसली आणि मी ती उचलली.

"भाजीनं फूल कोठे लई चालनात?" मी ते घेऊन निघालो तशी ती मागून ओरडली.

प्रयोगशाळेतली काचेची बरणी, पाणी, मागे काळं कापड, दिव्यावर निळा जिलेटीन कागद. स्टुडिओवाल्या झुलालने फोटो काढला आणि रोल मुंबईला धुवायला पाठवला. स्लाइड परत आली, मी ती चौकटीत बसवली, कोपऱ्यात ४१ लिहिलं. सरांनीसुद्धा ओळखली नाही याचा मला, सांगायला लाज वाटते, थोडा अभिमानच वाटला होता.

"माफी माग, नाहीतर बाहेर हो," माझं उत्तर ऐकून सर मोगराला म्हणाले.

"दिसतं ते सांगितलं सर. माफी कशाची?"

ती वह्या गोळा करून निघाली. दाराशी प्रोजेक्टरजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "जीवरामभाऊ, तुम्हालाही तसंच दिसतंय ना?"

"मला काय कळतं, ताई? मी अटेंडंट माणूस," मी म्हणालो आणि बेचाळीस नंबर लावला.

त्यानंतर वर्गातली पोरं तिला केळफूल म्हणूनच हाक मारायची. प्रॅक्टिकलला सर तिच्या टेबलापाशी थांबेनासे झाले. वर्ष संपल्यावर ती आलीच नाही. रोज सकाळी मी ठरवायचो की आज सरांना सांगायचं. रोज संध्याकाळी सायकल काढून घरी जायचो. आणि दरसाल नव्या वर्गाला ती स्लाइड माझ्याच हाताने दाखवायचो.

चौऱ्याण्णव साली भटू धुळ्याला आला. मी पेटी त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्याने एकेचाळीस नंबर उजेडात धरला आणि हसत सुटला.

"भाऊ, हाई तं खरंच केळफूल शे! आनि तुम्हीन यवढं काबर घाबरनात? हाऊ डुप्लिकेट सेट व्हता. खरी स्लाइड मनाजोडे शे नॉर्वेले."

तो अजून हसतच होता. म्हणजे खरी स्लाइड त्याच्याकडेच सुखरूप होती, नुकसान काहीच झालं नव्हतं. झालं ते फक्त त्या पोरीचं.

त्याच दिवशी मी देवरे सरांच्या घरी जाऊन सांगितलं. सर निवृत्त झाले होते. म्हणाले, "आता कशाला उकरायचं, जीवराम?" मग मोगरा कुठे आहे याची चौकशी केली आणि सोमवारी, रजा टाकून, मी शिरपूरची एसटी पकडली. तिथून जीप, पुढे पायी. मोगरा एका आश्रमशाळेत बाई झाली होती. चौथीचा वर्ग होता, पोरं जमिनीवर बसलेली.

तिने मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, मधे थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"मला माहीत होतं, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे डाग होते. माझ्या बापाचे सगळे कपडे तसलेच. ते डाग धुऊन जात नाहीत."

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"तुमची नोकरी गेली असती."

मी पोरांच्या शेजारी जमिनीवर बसलो. पोरं टकामका बघत होती. मी रडतोय हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

तिने मला सावरू दिलं. मग फळा पुसला, खडू घेतला आणि पोरांना म्हणाली, "हे भाऊ धुळ्याहून आलेत. लांबच्या थंड समुद्रात एक प्राणी असतो, फुलासारखा दिसतो. आपल्याकडे तो फक्त या भाऊंनी बघितलाय." आणि माझ्याकडे वळली. "मला कधी बघायलाच मिळाला नाही. कसा होता, भाऊ? तुम्ही सांगा, मी काढते."

मी डोळे मिटले. त्या दुपारी किती वेळ बघत बसलो होतो मी! पण सहा वर्षं दुसरंच दाखवून दाखवून खरं कुठल्या कुठे गेलं होतं. निळं पाणी दिसलं, काळं कापड दिसलं, आणि पांढरी, भाजीसाठी सोललेली फुलं. दुसरं काहीच येईना.

"सांगा ना, भाऊ," मोगरा म्हणाली. तिने खडू फळ्याला टेकवून धरला होता.